आपल्या सरकारी हायस्कुलाचा इतिहास लिहायचाय? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शाळेची पंच्याहत्तरी किंवा शताब्दी जवळ आली की माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, ग्रुपमधून समिती निघते आणि समितीच्या दुसऱ्याच बैठकीत कोणीतरी विचारतं, "पण शाळा सुरू कधी झाली?" तिथून पुढचे तीन महिने वाद. आमच्या शाळेच्या वेळी त्या समितीत मीही होतो. स्मरणिका निघाली तशी शहरातून, काटोल-रामटेक-उमरेडकडून लोक तेच ते प्रश्न घेऊन येऊ लागले. दरवेळी चहावर तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाचं लिहून ठेवतो.

आमची शाळा सरकारी की जिल्हा परिषदेची? आणि पाटीवर 'माजी शासकीय' असं का लिहिलंय?

बोलताना आपण सगळ्यांनाच 'सरकारी' म्हणतो, पण कागद शोधायला निघालात की मालक कोण हे आधी ठरवावं लागतं. काही थोड्या शाळा थेट राज्य शासनाच्या आहेत. बर्डीवरचं (सीताबर्डीचं) पटवर्धन हायस्कूल जुन्या नागपूरकरांना सरकारी हायस्कूल म्हणूनच ठाऊक आहे. शाळा न पाहिलेल्यांनीही यशवंत स्टेडियमजवळचं पटवर्धन मैदान पाहिलेलं असतं. शहरातल्या बाकी बऱ्याच शाळा महानगरपालिकेच्या. नगरपालिका १८६४ ची, तिची महानगरपालिका झाली १९५१ मध्ये, त्यामुळे जुन्या शिक्क्यावर 'म्युनिसिपल' दिसलं तर गोंधळू नका. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा वेगळ्या. आणि ज्या शाळेत मास्तरांचा पगार सरकार देतं पण शाळा संस्थेची असते, ती अनुदानित खाजगी शाळा. तिचा इतिहास सरकारी दप्तरात कमी आणि संस्थेच्या कपाटात जास्त सापडतो.

तालुक्याच्या गावी गोष्ट आणखी गुंतते. १९२० च्या कायद्याने मध्यप्रांतात डिस्ट्रिक्ट कौन्सिलं आली. १९४८ च्या कायद्याने त्यांच्या जागी जनपद सभा आल्या. गावातली म्हातारी माणसं अजून 'जनपदची शाळा' म्हणतात ती यामुळे. मग १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि जनपदच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्यांच्याबरोबर मूळची काही शासकीय हायस्कुलंही गेली आणि त्यांच्या नावामागे 'माजी शासकीय' हे शेपूट राहिलं ते राहिलंच. पुण्या-साताऱ्याकडच्या पाहुण्याला याचं नवल वाटतं, कारण तिकडे हायस्कूल म्हटलं की बहुतेक खाजगी संस्थेचं. जिल्हा परिषदेची हायस्कुलं मोठ्या संख्येने दिसतात ती विदर्भात आणि मराठवाड्यात.

स्थापना वर्ष नेमकं कोणतं धरायचं?

यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

एखादी शाळा आधी प्राथमिक असते. मग तिला पाचवी ते आठवीचे वर्ग जोडून मिडल स्कूल होतं, पुढे नववीचा वर्ग उघडतो, तीन वर्षांनी पहिली तुकडी मॅट्रिकला बसते. इमारत त्यानंतर केव्हातरी उभी राहते, आणि कोनशिलेवर कोरलेलं साल असतं इमारतीचं. गावकऱ्यांना लक्षात राहतो तो दगड. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या फळ्यावर असतं ते मान्यतेचं साल. नव्वदीतले आजोबा सांगतात ते तिसरंच, कारण त्यांच्या वडिलांनी त्याच आवारात मुळाक्षरं गिरवलेली असतात.

माझं मत असं की तिन्ही सालं छापावीत, प्रत्येकासमोर ते कशाचं साल आहे हे लिहावं, आणि सोहळा हायस्कूल झाल्याच्या वर्षापासून मोजावा. शाळा जुनी ठरवायच्या हौसेने प्राथमिकचं साल पुढे करणारे निघतातच. मग पंधरा वर्षांनी दुसरी समिती येते आणि शताब्दी पुन्हा होते.

एकाच शाळेच्या कागदांवर चार-चार राज्यांची नावं कशी?

कारण शाळा जागच्या जागी राहिली आणि राज्य बदलत गेलं. राजा तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. पुढे वऱ्हाड जोडलं गेलं. २६ जानेवारी १९५० पासून या प्रांताचं नाव मध्यप्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र आला.

आता हिशेब करा. १९४९ च्या जुलैत पहिलीत बसलेलं पोर शिकायला लागलं मध्यप्रांत-वऱ्हाडात. दुसरीत गेलं तेव्हा ते मध्यप्रदेशात होतं. आठवीच्या दिवाळीच्या सुमाराला मुंबई राज्यात आलं. अकरावीची परीक्षा त्याच राज्यात दिली आणि निकाल पाहायला गेलं तोवर महाराष्ट्र झाला होता. नागपूरच्या महाल भागातलं घर मात्र तेच. स्मरणिकेत 'महाराष्ट्र शासनाने १९३८ साली शाळा सुरू केली' असलं वाक्य दिसलं की मला हसू येतं, आणि असं वाक्य दर दुसऱ्या स्मरणिकेत असतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. सरकारी हायस्कुलातल्या मास्तरांच्या बदल्या प्रांतभर होत. तुमच्या शाळेचे एखादे हेडमास्तर जबलपूरहून आलेले आणि रायपूरला गेलेले असू शकतात. त्यांचं सेवापुस्तक नागपुरात मिळालं नाही म्हणून 'असे कोणी नव्हतेच' असं ठरवू नका.

आजोबा मॅट्रिक झाले म्हणतात. ती कोणाची मॅट्रिक?

हे सालावर अवलंबून. नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं. त्याआधी इथल्या हिस्लॉप आणि मॉरिस कॉलेजांचा संबंध आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाशी होता, आणि मॅट्रिक म्हणजे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. १९२२ च्या कायद्याने प्रांतात हायस्कूल परीक्षेसाठी वेगळं बोर्ड आलं. राज्य पुनर्रचनेनंतर नागपुरात विदर्भ बोर्ड होतं. आजचं राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासूनचं. त्याचं मुख्यालय पुण्याला आणि नागपूरला विभागीय मंडळ. अमरावतीला वेगळं विभागीय मंडळ नंतर झालं, त्यामुळे अकोल्याच्या काकांच्या जुन्या प्रमाणपत्रावर 'नागपूर' दिसलं तरी ते बरोबरच आहे.

आणखी एक, मुंबई इलाख्यातले 'पहिली इंग्रजी, दुसरी इंग्रजी' असे वर्ग मोजत. आपल्याकडे वर्ग सरळ मोजले जात: चौथीपर्यंत प्राथमिक, आठवीपर्यंत मिडल, अकरावीला मॅट्रिक. आजही आपली हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात त्याचं मूळ या मोजणीत आहे.

एवढं राजधानीचं शहर, मग सरकारने हायस्कुलं मोजकीच का काढली?

कारण धोरणच तसं होतं. ज्या वर्षी नागपूर खालसा झालं, त्याच वर्षी, १८५४ मध्ये, वुडचा खलिता आला आणि सरकारने शाळांना अनुदान द्यावं हे तत्त्व ठरलं. त्याआधीच स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने इथे शाळेचं काम सुरू केलं होतं. १८८२ च्या हंटर आयोगाने तर स्पष्ट सांगितलं की माध्यमिक शिक्षण हळूहळू खाजगी हातांत सोपवावं आणि सरकारने जिल्ह्याला एखादं नमुनेदार हायस्कूल चालवावं.

जिल्ह्याचं सरकारी हायस्कूल म्हणूनच तर एवढं मानाचं असे. चंद्रपूरला 'ज्युबिली' आणि भंडाऱ्याला 'मन्रो' एवढं नुसतं नाव घेतलं तरी जुन्या माणसांची मान वर होते. पण त्या मानामागे टंचाई होती. जिल्ह्यात एकच हायस्कूल म्हणजे लांबच्या खेड्यातल्या पोराला जिल्ह्याच्या गावी कोणाकडे तरी राहूनच शिकावं लागे. ज्याचं कोणी नाही त्याची शाळा चौथीत संपे. स्मरणिकेत कीर्तिवंतांची यादी छापताना हेही चार ओळींत यावं असं मला वाटतं.

१९२१ च्या आसपास पट एकदम घसरलेला दिसतो. साथ आली होती का?

इन्फ्लुएन्झाची साथ १९१८ ची. १९२१ ला कारण बहुधा दुसरं असतं. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरातच भरलं, तिथे असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं, आणि त्या कार्यक्रमात सरकारी शाळांवर बहिष्कार होता. मुलं राष्ट्रीय शाळांत गेली. त्यातली काही पुढे गुपचूप परतही आली. रजिस्टरमध्ये 'नाव कमी केले' आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच नावाची पुन्हा भरती, अशी जोडी दिसते का पाहा. आम्हाला एक सापडली होती. पुनर्भरतीच्या ओळीपुढे हेडमास्तरांनी कारणाचा रकाना कोरा सोडला होता. भला माणूस असावा.

शिकवण्याचं माध्यम मराठी केव्हा झालं?

मध्यप्रांतात हायस्कुलात देशी भाषांतून शिकवायला १९२२ च्या सुमारास सुरुवात झाली. तोवर वरच्या वर्गांत गणित-भूगोलसुद्धा इंग्रजीतून. प्रांत मराठी आणि हिंदी असा दुभाषी असल्याने नागपूरच्या शाळांत दोन्ही माध्यमांच्या तुकड्या एकाच इमारतीत भरत. जुनी शेरेबुकं (तपासणीचे शेरे लिहायच्या वह्या) इंग्रजीत, हजेरी मराठीत आणि एखादं परिपत्रक हिंदीत असं त्रांगडं हातात आलं तर चकित होऊ नका.

दाखल-खारीज रजिस्टरचं एवढं महत्त्व का? त्यात तर नुसती नावं असतात.

शाळेचा खरा इतिहास तिथेच आहे. बाकीचं आपण रचलेलं असतं.

नाव, वल्द म्हणजे बापाचं नाव, जन्मतारीख, जात, गाव, पालकाचा धंदा, कोणत्या वर्गात आला, केव्हा आणि का गेला, एवढं एका ओळीत असतं. आधी धंद्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. जुन्या पानांवर विणकर, शेती, मजुरी. एम्प्रेस मिल १८७७ पासूनची, त्यामुळे शहरातल्या रजिस्टरांत 'मिल नोकरी' बरीच दिसते. पुढे रेल्वे येते, मग अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, कोराडीचं वीज केंद्र, वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी. शेवटच्या पानांवर पुन्हा मजुरी. शहर कसं वाढलं आणि कोणाची मुलं सरकारी शाळेत उरली, दोन्ही गोष्टी त्या एका रकान्यात आहेत.

जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. निम्मा वर्ग १ जुलैला जन्मलेला दिसेल. भरतीच्या दिवशी बाप म्हणे, "पोळ्याच्या आधी झालं गुरुजी, साल तुम्हीच टाका," आणि गुरुजी टाकत. माझ्या वडिलांचाही वाढदिवस असाच हेडमास्तरांनी ठरवलेला आहे.

जातीच्या रकान्यामुळे तर ही रजिस्टरं सोन्याच्या भावाची झाली आहेत. जात पडताळणीत ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. कोतवाल पंजी, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, हरवलेली असली की घराण्याचा उरलेला पुरावा म्हणजे आजोबांची शाळेतली ओळ. कारकुनाकडे रोज दोन-तीन माणसं त्या एका ओळीसाठी येतात. पानं फाटतात ती यानेच. वाळवी नंतर लागते.

नागपूरच्या रजिस्टरांत १९५६ नंतर आणखी एक बदल दिसू लागतो. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या नोंदींत 'बौद्ध' हा शब्द येऊ लागला. कुठे 'नवबौद्ध', कुठे जुनी जात लिहून पुढे कंसात नवा धर्म. राज्य बदललं १ नोव्हेंबरला, म्हणजे अठराच दिवसांनी. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० मध्ये मिळेपर्यंत ही एक नोंद कशी लिहिली आहे, यावर कित्येक घरांचं पुढचं अवलंबून होतं.

मुली आणि दलित मुलं या शाळांत केव्हापासून दिसतात?

दार कायद्याने उघडं असणं वेगळं आणि बाकावर जागा मिळणं वेगळं. नागपुरात जाईबाई चौधरींनी दलित मुलींसाठी चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली, ती गरज असल्याशिवाय काढली नाही. तुमच्या शाळेपुरतं उत्तर हवं असेल तर प्रत्येक दहा वर्षांतलं एक रजिस्टर घ्या आणि मुलींची नावं मोजा. आमच्याकडे पहिली मुलगी सापडायला दीड दिवस लागला. ती सहावीत आली होती आणि 'लग्न' असं कारण लिहून त्याच वर्षी गेली. स्मरणिकेत तिचं नाव पहिल्या पानावर घ्यावं असा माझा आग्रह होता, पण समितीला पहिल्या पानावर पालकमंत्र्यांचा शुभसंदेश हवा होता.

शाळा खरी वाढली केव्हा?

स्वातंत्र्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. त्यातून कार्यशाळा, शेतीचे वर्ग, वाणिज्य शाखा आल्या. काही शाळांच्या नावात 'बहुउद्देशीय' अजून टिकून आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सांगितला, आणि महाराष्ट्रात त्याचा हिसका बसला १९७५ ला. त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन तुकड्या एकदम परीक्षेला बसल्या. ती बॅच ओळखणं सोपं आहे: नव्या गणिताला अजून शिव्या घालणारे काका त्याच बॅचचे. पुढे काही हायस्कुलांना कनिष्ठ महाविद्यालयं जोडली गेली. कवेलूच्या छपराखालचे वर्ग अपुरे पडून दोन पाळ्या सुरू झाल्या त्याही याच काळात.

मग आता पट एवढा कमी का?

कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत: इंग्रजी माध्यम, दारात येणारी स्कूल बस, वस्त्या शहराबाहेर सरकणं. त्यात एक कारण बाहेरून दिसत नाही. संचमान्यतेत पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात. पट घसरला की पद जातं, विज्ञानाच्या मास्तरांचंच गेलं की पालक मुलं काढतात आणि पट आणखी घसरतो. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पण तो सहा ते चौदा वयापुरता. नववी-दहावी त्याच्या बाहेर. सरकारी हायस्कूल नेमकं या सांध्यावर उभं आहे.

शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा का उघडते? हे जुनं आहे का?

जूनमधलं ऊन. याला इतिहास लागत नाही.

जुने कागद मिळतील कुठे?

शाळेतच सुरुवात करा. दाखल-खारीज, शेरेबुक, जडसंग्रह नोंदवही आणि वेतनपत्रकं, या क्रमाने मागा. जडसंग्रह वहीत पहिली घंटा, पहिला ग्लोब, पहिलं हार्मोनियम केव्हा घेतलं ते किमतीसह मिळतं, आणि लेखाला रंग त्यानेच येतो. मग जिल्हा परिषदेतले माध्यमिक शिक्षणाधिकारी आणि विभागीय शिक्षण उपसंचालकांचं कार्यालय. परीक्षेचे निकाल विभागीय मंडळात. प्रांताच्या काळातल्या फायलींसाठी पुराभिलेख संचालनालयाचं नागपूर कार्यालय. १९०८ चं आणि १९६६ चं, अशी नागपूर जिल्ह्याची दोन्ही गॅझेटियरं ग्रंथालयात बसून चाळा. १९११ पासूनच्या 'हितवाद'चे जुने अंक पाहा. सरकारी शाळेचा बक्षीस समारंभ तिथे हमखास सापडतो. जुन्या अंकांत जिल्हा शोधताना चंद्रपूर 'चांदा' म्हणून शोधायचं, गडचिरोली त्यातच (१९८२ पर्यंत) आणि गोंदिया भंडाऱ्यात (१९९९ पर्यंत).

सरळ मागून नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहे. अर्ज एका विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. 'शाळेचा संपूर्ण इतिहास द्यावा' असं लिहाल तर 'माहिती उपलब्ध नाही' हे तीनच शब्द येतील. 'नववीचा वर्ग सुरू करण्याच्या मान्यता आदेशाची प्रत' असं मागा. आम्ही एका कार्यालयात पहिल्या अर्जाला नकार घेतला, दुसऱ्यात आदेशाचा प्रकार आणि साधारण साल लिहिलं, आणि तोच कागद विसाव्या दिवशी मिळाला.

रजिस्टरच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकले तर चालेल?

नाही. पानभर लोकांची जात, जन्मतारीख आणि 'नापास' असे शेरे असतात, आणि त्यांची नातवंडं त्याच ग्रुपमध्ये असतात. फोटो काढा, पण मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने, आणि प्रत शाळेलाच द्या. छापायची असेल तर एक ओळ, ज्याची त्याच्या घरच्यांना विचारून.

लॅमिनेशन करू नका. जुना कागद प्लास्टिकमध्ये घातला की पुन्हा काढता येत नाही. सुती कापडाचा बस्ता, कडुनिंबाचा वाळका पाला, जमिनीपासून वर लाकडी फळी. आणि खोलीचं छत श्रावणाआधी एकदा तपासा. आमचं १९४१ ते १९४४ चं रजिस्टर समारंभाच्या मांडवासाठी कपाट व्हरांड्यात सरकवलं त्या रात्रीच्या पावसात गेलं.